टॉपरच्या गाडीचा क्लच

सांगलीहून कुणी लातूरला निघालं की लोक एकच समजतात, घरात कुणीतरी बारावीला आहे. माझ्या घरात बारावीला कुणी नाही. मुलगा केव्हाच शिकून नोकरीला लागला आणि नवरा निवृत्त होऊन दारातल्या कुंड्यांना लागला. तरी शेजारच्या बाईंनी ‘कुणाची ॲडमिशन?’ म्हणून विचारलंच. मी म्हटलं, ‘माझीच.’ त्या हसल्या नाहीत. बहुतेक त्यांना ते खरं वाटलं असावं.

मी सांगलीत मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवते. म्हणजे गाडी शिकणारे चालवतात आणि मी त्यांच्या डाव्या बाजूला बसून, माझ्या पायाखालच्या जादा क्लचनं आणि ब्रेकनं सगळ्यांचे जीव वाचवते. ज्यांना गाडी येत नाही त्यांच्यासाठी सांगते, क्लच हा इंजिन आणि चाकं यांच्यातला मध्यस्थ. पेडल दाबलं की दोघांचं बोलणं बंद, सोडलं की सुरू. अर्धवट दाबून ठेवलं की दोघं एकमेकांवर घासत राहतात आणि झिजतो बिचारा मध्यस्थ. आमच्या नवशिक्यांचा जीव नेमका या अर्धवटपणातच रमतो.

आयुष्यभर डाव्या सीटवर बसून दुसऱ्यांचा क्लच सांभाळल्यावर मला एकच हौस उरली होती. क्लच एकच असलेली गाडी हवी, आणि तो माझ्या पायाखाली हवा. शिवाय तिच्यावर कुणीही, कधीही शिकायला येऊ नये. अशी गाडी म्हणजे बुटकी, लाल, टप मागं दुमडणारी, दोनच सीटची. लातूरच्या एका फिजिक्सच्या सरांकडे अशी एक जुनी विलायती गाडी विकाऊ आहे असं कळलं तेव्हा मी आमच्या सलीमभाई मेकॅनिकना विचारलं. ते म्हणाले, “भाभी, रंग, सीट, टप सगळं मी करून देतो. क्लचच्या प्लेटला नवं लायनिंगपण मारतो. पण क्लच नीट बघून घ्या. जास्त जळला असला तर आतली प्रेशर प्लेट गेली म्हणून समजा, आणि ती आता कुठंच मिळत नाही. कंपनीच बुडाली. मग त्या गाडीत तुळस लावायची.”

हे ऐकून नवऱ्याचे डोळे चमकले, म्हणून मी दुसऱ्याच दिवशी एसटीत बसले.

लातूर

लातूरला उतरल्यावर पहिल्यांदा डोळ्यांत भरतात ती पोरांची तोंडं. खरी पोरं नव्हेत, फलकावरची. चौकाचौकांत, दुकानांवर, विजेच्या खांबांवर गुण मिळवलेली मुलं आपल्याकडे बघत असतात. त्यांच्याखालून खरी मुलं पाठीला दप्तर लावून सायकलींवरून एका क्लासातून दुसऱ्या क्लासात जात असतात आणि वर बघत नाहीत. जिथं घर तिथं होस्टेल, जिथं होस्टेल तिथं मेस. आमच्या सांगलीत बोर्डात आलेल्या मुलाला शाळेत एक पेन आणि गुलाबाचं फूल मिळतं. इथं अख्खा चौक मिळतो.

“कोणता क्लास, मॅडम? फिजिक्स का केमिस्ट्री?” रिक्षावाल्यानं विचारलं.

“क्लास नाही, गाडी बघायला आलेय. लाल.”

“लाल गाडीवाले अप्पा सर व्हय? मंग फिजिक्सच की.” आणि त्यानं रिक्षा गावमध्यातल्या गोल बाजाराला, गंजगोलाईला वळसा घालून सोडली.

अप्पा सर म्हणजे मन्मथअप्पा. घराणं गोलाईतल्या कापडदुकानदारांचं, पण यांनी लहानपणीच कापड सोडून न्यूटन धरला. भूकंपाच्या आगेमागे लातूरच्या निकालाचा डंका राज्यभर वाजायला लागला, त्या वेळी सरांचा क्लास इतका भरायचा की पोरं खिडकीत बसून ऐकायची. आता मोठमोठे वातानुकूलित क्लास आले आणि सरांकडे गल्लीतली चार-दोन मुलं उरली. सरांची एक खोड मात्र गेलेली नाही. ते साधी गोष्टही चार पर्यायांत विचारतात.

“मॅडम, अ चहा, ब ताक, क सरबत, ड यापैकी न्हाई?”

मी ब म्हटलं. आतून त्यांच्या पत्नी महादेवीकाकू म्हणाल्या, “अ च हाय घरात. चहाच घ्या.”

चहाबरोबर सुशीला आली. हे कुणा मुलीचं नाव नव्हे, खायचा पदार्थ आहे. चुरमुरे भिजवून पोह्यांसारखे फोडणीला टाकतात. चुरमुरा कुरकुरीतच खायचा असतो असं मानणाऱ्या आम्हा भडंगवाल्यांना हे पाखंड वाटतं. मी दोनदा मागून घेतली.

मग सरांनी अंगणात नेऊन गाडीवरची पांढरी चादर काढली. गाडी नवरीसारखी बसली होती. लाल रंग जसाच्या तसा, चामड्याच्या सीटला एक भेग नाही. मी वाकून मीटर बघितला. इतकी जुनी गाडी, आणि चाललेली किती, तर आमच्या स्कूलची गाडी एका मोसमात चालते तेवढीसुद्धा नाही.

“हैदराबादच्या एका नवाबी माणसाकडून घेतली, टेंपोत घालून आनली. त्यानं शेडमधी ठिवली हुती आन म्या बी कधी पळवली न्हाई,” सर अभिमानानं म्हणाले. “सिद्धेश्वराची शपथ. दुसऱ्या गिअरच्या म्होरं गेलीच न्हाई.”

जी गाडी पळालीच नाही तिचा क्लच कशानं झिजेल, असं माझ्या मनानं तेव्हाच ठरवून टाकलं. हौस असली की मनाला घाई असते. तरी धंद्याची लाज म्हणून मी रीतसर तपासायला बसले.

पहिली तपासणी पेडलची. क्लच हळूहळू सोडत गेलं की गाडी कुठं धरते ते बघायचं. पेडल खाली असतानाच धरली तर तब्येत चांगली, पार वर आल्यावर धरली तर आयुष्य संपत आलं. ही वर धरत होती. पण जुन्या गाड्यांचं पेडल नीट लावलेलं नसतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. दुसरी तपासणी जरा दांडगाईची. गाडी उभी, हँडब्रेक घट्ट, तिसरा गिअर टाकायचा आणि क्लच सोडून द्यायचा. क्लच धड असेल तर इंजिन तिथल्या तिथं बंद पडायला हवं.

मी सोडला. इंजिन बंद पडलं, पण जरा विचार करून पडलं.

“पास?” सरांनी विचारलं.

“काठावर,” मी म्हटलं.

“काठावर पास झालेला पोरगा म्या कधी घरी पाठवला न्हाई. प्रिलिम झाली म्हना. फायनल घेऊ.” सरांनी दाढीवरून हात फिरवला. “माहूरचा घाट. क्लचाचं खरंखोटं चढावर कळतं का न्हाई? नांदेडला माझी एक विद्यार्थिनी हाय डॉक्टर. तिच्याकडं मुक्काम, दुसऱ्या दिवशी माहूर.”

काकूंनी रेणुकामातेच्या ओटीचं सामान आणि धपाट्यांचा डबा दिला. तुम्हीही चला, असं म्हणायला मी तोंड उघडलं, तर काकूच गाडीकडे बघत म्हणाल्या, “दोन शिटाची गाडी घेतली तवाच ह्यांनी मला वगळलं. तुमी जावा.”

लातूर ते नांदेड

उजव्या सीटवर मी. शेजारी सर, कानटोपी घालून, मांडीवर डबा. टप उघडा. अहमदपूरकडे जाणारा रस्ता, दोन्ही बाजूंना कापणीला आलेली तूर आणि मधूनच करडईचा पिवळा पट्टा. गाडीनं पहिल्या गिअरला सुटताना अंग थरथरवलं. म्हातारे क्लच असे थरथरतात. माझ्या मनात नोंद झाली, पण तोंडातून काही निघायच्या आत सर ओरडले, “क्लच दाबा, मॅडम.”

मी सवयीनं दाबला. थरथर थांबली.

“गाडीच हाय,” सर निवांत झाले.

मग त्यांनी खुलासा केला. भूकंपानंतर कितीतरी दिवस जमीन अधूनमधून हलायची. लोक घरं सोडून अंगणात, रस्त्यावर, शेतात झोपायचे. सर या गाडीत झोपायचे, कारण तिला छप्पर नव्हतं. तेव्हापासून गाडी कुठंही जराशी थरथरली की सर क्लच दाबून बघतात. थरथर थांबली तर गाडी, नाही थांबली तर भूकंप.  मी विचारलं, “सर, चालवताना पाय सारखा क्लचवरच असतो का?”

“ठिवावाच लागतो की. सांगून येतो का भूकंप?”

आमच्या स्कूलच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘क्लचवर पाय ठेवून बसू नये.’ त्या पाटीखाली लातूरच्या माणसाला काय सांगायचं हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

लोह्याच्या पुढं एका धाब्यावर धपाटे खाल्ले. ज्वारीच्या पिठात तीळ, लसूण, मिरची, वर दह्याची कवडी. आम्ही सीमाभागातली माणसं भाकरीवरून भांडतो. मी भांडणार होते, पण धपाटा तोंडात होता.

नांदेड

डॉक्टर महानंदा गोदावरीच्या अलीकडच्या एका वसाहतीत राहतात. मुलांच्या डॉक्टर. दारात लाल गाडी उभी राहिली तशा त्या धावत बाहेर आल्या, सरांच्या पाया पडल्या आणि मग गाडीच्या बॉनेटलाही हात लावून नमस्कार केला. मागून त्यांचे वडील आले. सडपातळ, ताठ, पायांत जाड चपला. आयुष्यभर पोस्टमन होते. सगळे त्यांना तात्या म्हणतात.

जेवणात आंबाडीची भाजी, ज्वारीची भाकरी आणि शेंगांची चटणी होती. मी बोलता बोलता म्हटलं, “गाडी अगदी जपून ठेवलीय सरांनी. कधी पळवलीच नाही.”

“पळवणार कशी?” महानंदा हसायला लागल्या. “ती टॉपरची गाडी आहे. सरांनी तुम्हाला मिरवणुकीचं सांगितलं नाही?”

सरांनी भाकरीत लक्ष घातलं.

ऐकलं ते असं. निकाल लागला की सर क्लासच्या टॉपरला या उघड्या गाडीत बसवायचे. गळ्यात हार, पुढं बँड, मागं पोरं, आणि गोलाईपासून सगळ्या लातूरभर मिरवणूक, बँडच्या चालीनं. दरवर्षी. गाडी चालली ती एवढीच. मीटरवर जे थोडके किलोमीटर होते, ते जवळजवळ सगळे माणसाच्या पावलानं काढलेले होते.

 पावलाच्या वेगानं गाडी चालवायची म्हणजे अर्धा क्लच, सतत अर्धा क्लच. माझ्या सगळ्या नवशिक्यांनी मिळून जेवढा क्लच जाळला नसेल, तेवढा या एका सरांनी कौतुकापायी जाळला होता.

“बँड थांबला की थांबता ना? मग हँडब्रेक ओढून गिअर काढायचा,” मी अजून आशेनं म्हटलं.

“हँडब्रेक ओढला की गाडी बंद पडल्यावानी दिसती, मॅडम. मिरवनूक हाय ती. गाडी जरा म्होरंमागं डुलाया पायजे. म्हनून क्लचवरच तोलून धरायची.”

“आणि माझी मिरवणूक तर वेगळीच होती,” महानंदा म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा खाली आला. “आई आणि धाकटा भाऊ भूकंपात गेले. आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो. तिथून मी सरांकडे यायचे, सरांनी फी घेतली नाही. निकाल लागला तेव्हा सर म्हणाले, हिची मिरवणूक लातुरात नाही, हिच्या वस्तीत काढायची. बँड, गाडी, सगळं घेऊन आले.”

“वस्ती चढावर हुती,” सर हळूच म्हणाले.

“मी टपाल वाटत हुतो,” तात्या म्हणाले. “सर म्हनले, तात्या, गाडीत बसा पोरीच्या शेजारी. म्हनलं, मी बसल्यावर टपाल कोन वाटनार? आन अंगावर खाकी हाय, थैली भरल्याली हाय. ड्युटी हाय की. मी म्होरं चालतो, तुमी मागून या.”

आणि तात्या पुढं चालले. पण पोस्टमन चालतो तसे. प्रत्येक शेडपाशी थांबून, टपाल असेल तर टपाल, नसेल तर नुसती बातमी द्यायची : पोरगी पहिली आली. आतून कुणीतरी साखर आणायचं, पोरीच्या तोंडात घालायचं, काही बाया रडायच्या. मग तात्या पुढच्या शेडकडे. बँड थांबला, गाडी थांबली, बँड निघाला, गाडी निघाली, आणि हे सगळं चढावर, संपूर्ण वस्तीभर.

“एखादी ओळ सोडायची की, तात्या,” मी म्हटलं. मला खरंच राहवलं नाही.

तात्यांनी माझ्याकडे जरा दयेनं बघितलं. “एक घर सोडलं तर दुसऱ्या दिशी त्या दारात कोन्त्या तोंडानं जायाचं? तिथं तवर नुसत्या मयताच्या खबरी दिल्या हुत्या म्या.”

मी सरांना म्हटलं, “तुम्ही गाडी पुढं काढून वस्तीच्या टोकाला थांबला असतात तर?”

“बापाच्या म्होरं गाडी कशी काढायची, मॅडम?” सर म्हणाले.

 मी आणखी एक भाकरी घेतली, भूक नसताना. तात्या त्या दिवशी शेवटपर्यंत गाडीत बसले नाहीत, आणि त्यानंतरही कधी बसले नाहीत, हेही महानंदांनी सांगितलं. त्या संध्याकाळी मला खूप वाईट वाटत होतं आणि त्यात स्वार्थ बराच होता. क्लचचं भविष्य मला कळून चुकलं होतं. पण घाट अजून बाकी होता, आणि काठावरची पोरंसुद्धा कधीकधी फायनलला निघून जातात.

मुदखेडचं फाटक आणि माहूरचा घाट

सकाळी मुदखेडला रेल्वेचं फाटक लागलं. हे जंक्शनचं गाव, एक गाडी गेली की दुसरी येते. मी गिअर काढून, क्लच सोडून, पाय मोकळा करून बसले. सर अस्वस्थ झाले.

“मॅडम, गिअर टाकून क्लच दाबून ठिवत न्हाई का तुमी? ऐन वक्ताला पळायचं झालं तर?”

“सर, फाटक बंद आहे. पळणार कुठं?”

त्यांना ते पटलं. त्यांनी स्वतःचाही डावा पाय, जो इतका वेळ समोरच्या पत्र्यावर दाबून धरला होता, हळूच मागं घेतला. ही सवय माझ्या चांगली ओळखीची आहे. डाव्या सीटवर बसून दुसऱ्याचा क्लच दाबणारा माणूस मी आरशात रोज बघते.

भोकर, हिमायतनगर झालं. इस्लापूरला चहावाल्यानं सहस्रकुंडाचा धबधबा बघून जा म्हणून आग्रह केला. या दिवसांत पाणी कमी असतं, पण आवाज येतो, म्हणाला. सरांनी सांगितलं, “परीक्षेला चाललोय. येताना बघू.” त्यानं नेहमीच्या सवयीनं विचारलं, “कोन्त्या केंद्रावर?”

किनवटच्या पुढं सागाचं जंगल दाट होत गेलं आणि रस्ता वर उचलायला लागला. माहूरचा गड दिसला. मी मनात रेणुकामातेला म्हटलं, बाई, तुझी ओटी आणलीय, माझंही जरा बघ. आणि दुसऱ्या गिअरवर घाटाला घातली.

पहिल्या वळणापर्यंत गाडी छान चढली. सर तर गुणगुणायला लागले होते. दुसऱ्या वळणानंतर चढ वाढला, मी ॲक्सिलरेटर दाबला आणि इंजिन मोठ्यानं गुरगुरलं. इंजिनच्या फेऱ्यांचा काटा सरसर वर गेला. गाडी मात्र तशीच, उलट मंदावली. मी आणखी थोडा दाबला. आवाज आणखी वाढला, गाडी आणखी मंदावली. शेजारून एक म्हातारी डोक्यावर नारळाची टोपली घेऊन चढत होती. तिनं आम्हाला मागं टाकलं आणि वळून एकदा बघितलं.

आणि मग वास आला. जळक्या क्लचचा वास ज्यानं एकदा घेतला तो विसरत नाही. कडवट, घशात बसणारा. मी गाडी कडेला घेतली, चाकामागं दगड लावला आणि इंजिन बंद केलं.

नापास झालेल्या मुलाला निकाल सांगायची मला सवय आहे. पुन्हा प्रयत्न करा, घाबरू नका, असं मी पाठ केल्यासारखं बोलते.  या वेळी सरच आधी बोलले. नाक वर करून, डोळे मिटून ते वास घेत होते.

“हा वास मला ठाऊक हाय, मॅडम. दर निकालाला यायचा. पोरीच्या वस्तीवर तर लई आला हुता.” ते थांबले. “मला वाटायचं, फटाक्यांचा.”

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं. सरही हसले, पण माझ्याकडे बघायचं नाही असं ठरवून दरीकडे बघत हसले.

गाडी निवायला ठेवून आम्ही एका जीपमधून वर गेलो. ओटी भरली. माहूरला प्रसाद म्हणून तांबूल देतात. देवळाजवळ खलबत्त्यात विड्याची पानं कुटत बसलेल्या बाया असतात आणि त्या आवाजावर पायऱ्या चढायच्या. तांबूल चघळत पायरीवर बसलो तेव्हा सरांनी विचारलं, “आता निकाल सांगा. पर्याय न्हाई देत.”

“गेला, सर. पूर्ण नाही, पण गेला. सपाट रस्त्यावर, हलक्या पायानं थोडे दिवस चालेल. चढ झेपणार नाही. सुटा भाग मिळत नाही, त्यामुळं मी घेऊ शकत नाही.”

हे बोलताना मला स्वतःचीच कीव आली. मी खरंच आशा लावली होती. टप उघडून मिरजेच्या रस्त्यानं जायचं, हातात कुणाची वही नाही, शेजारी घाबरलेलं कुणी नाही, असं चित्र मी रात्रंदिवस बघितलं होतं.

सरांनी तोंडातला तांबूल संपवला. मग म्हणाले, “तुमी घेतो म्हनला असता तरी म्या दिली नसती. नापास गाडी गळ्यात मारायची न्हाई कुनाच्या.” आणि मग, लहान मुलासारखं चाचरत, “सपाटीवर चालंल म्हनता? चौथ्यात बी?”

“चौथ्यात तर छान चालेल. चौथ्यात क्लचला कामच नसतं.”

“मला चौथा टाकता येत न्हाई, मॅडम. कधी वेळच आली न्हाई.”

परत

निवलेली गाडी घेऊन घाट उतरल्यावर सपाटी आली. मी गाडी थांबवली आणि दार उघडून खाली उतरले. सर कळून न कळल्यासारखे बघत होते. मी गाडीला वळसा घालून डाव्या दाराशी जाऊन उभी राहिले.

“सरका तिकडं,” मी म्हटलं.

अशा रीतीनं, डाव्या सीटचा कायमचा निरोप घ्यायला निघालेली मी मराठवाड्यात येऊन पुन्हा डाव्या सीटवर बसले, आणि तीही पायाखाली काही नसलेल्या. पहिला, दुसरा सरांनी बरोबर टाकला. त्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. तिसऱ्याला घासलं. पाय क्लचवरून काढा, मी म्हटलं. काढला. पाय खालच्या पत्र्याला टेकवा. टेकवला. आता एकदाच पूर्ण दाबा, चौथा टाका, पूर्ण सोडा. अर्धवट काही नाही.

चौथा पडला. इंजिनचा आवाज खाली बसला आणि गाडी सुटली. वारा एकदम आत शिरला. सरांची कानटोपी मागं उडून सागाच्या पाचोळ्यात गेली आणि त्यांना पत्ताही लागला नाही. ते स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून समोर बघत होते.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “थरथरत न्हाई ना?”

“नाही.”

“मंग क्लच न्हाई दाबत.”

नांदेडला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. तात्या फाटकात उभे होते. सर गाडीतून उतरले नाहीत. इंजिन चालू, गिअर काढलेला, पाय क्लचवरून बाजूला. माझे विद्यार्थी हे शिकायला महिना लावतात.

मी उतरले. सर म्हणाले, “तात्या, ह्या गाडीचा क्लच तुमी खाल्ला. आता बसा जरा.”

“कुटं जायाचं?”

“कुटंच न्हाई. सपाटीवर एक चक्कर.”

तात्यांनी स्वतःच्या अंगाकडे बघितलं. पांढरा सदरा होता, खांद्याला थैली नव्हती. नाही म्हणायला त्यांना काही सापडेना. महानंदांनी दार उघडून धरलं. तात्या चपला झटकून आत बसले, जमिनीच्या इतक्या जवळ की त्यांचे गुडघे छातीला लागले. गाडीत बसल्यावर हातांचं काय करायचं ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी ते मांडीवर जोडून ठेवले.

माझी पिशवी गाडीतच राहिली होती. ती काढून घेताना मी सरांना हळूच म्हटलं, “तुमची गाडी आहे, पण एकदा ऐका. वळणावर दुसरा, मग सरळ रस्त्याला चौथा. घाई नको.”

“फायनल हाय का ही?”

“हो.”

गाडी निघाली. सांगलीला परत काय घेऊन जायचं, नवऱ्याला कोणत्या तोंडानं सांगायचं, असले विचार माझ्या डोक्यात होते, पण कान रस्त्यावर लागले होते. पहिला. दुसरा. वळण. तिसऱ्याला जरा घासलं, महानंदा माझ्याकडे बघायला लागल्या. मी काहीच बोलले नाही. मग तो आवाज आला, खाली बसलेला, सुटलेला, आणि लाल गाडी गोदावरीच्या पुलाकडे दिसेनाशी झाली, बापाला शेजारी बसवून.

“पडला का चौथा?” महानंदांनी विचारलं.

“पडला,” मी म्हटलं, आणि फुटपाथवर दाबून धरलेला माझा डावा पाय उचलून घेतला.